फॉस्फरस-३२ आज कुठे वापरतात, आणि त्याला किती घाबरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीच्या पुस्तकात फॉस्फरस-३२ दोनदाच भेटला: एकदा हर्शी आणि चेस यांच्या प्रयोगात, आणि एकदा ‘रक्ताच्या विकारांवर उपयुक्त’ एवढ्या एका ओळीत. एकच पदार्थ संशोधनातही आणि उपचारातही कसा चालतो? आज तो खरंच कुणी वापरतं का? आणि पुढच्या महिन्यात जिथे रुजू व्हायचंय त्या प्रयोगशाळेत तो वापरतात, तर त्याला किती घाबरायचं?

मी पीएचडीच्या काळात जवळजवळ रोज फॉस्फरस-३२ हाताळला. पुढे बरीच वर्षं किरणोत्सार सुरक्षेचं काम केलं, आणि त्या निमित्ताने न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांबरोबरही बसले. त्यामुळे तिन्ही प्रश्नांवर अनुभवातून बोलता येईल. तिन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: जिवंत पेशीला हा अणू साध्या फॉस्फरसपेक्षा वेगळा आहे हे कळतच नाही.

निसर्गातला स्थिर फॉस्फरस एकाच प्रकारचा आहे, फॉस्फरस-३१. शेतीच्या पुस्तकांत ज्याला स्फुरद म्हणतात तो हाच. त्याच्या केंद्रकात १५ प्रोटॉन आणि १६ न्यूट्रॉन असतात. एक न्यूट्रॉन वाढला की झाला फॉस्फरस-३२. इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात, म्हणून रसायनही तेच राहतं. पेशीतली विकरं फॉस्फेट उचलून डीएनएत गुंफतात, एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत लावतात, प्रथिनांवर चिकटवतात, तेव्हा ती केंद्रक बघत नाहीत. मग केव्हातरी त्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक वेगवान इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा कण, बाहेर फेकला जातो, आणि मागे उरतो तो गंधकाचा अणू. त्या बीटा कणाची कमाल ऊर्जा १.७१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, सरासरी साधारण ०.७. हवेत तो सहा मीटरपर्यंत जाऊ शकतो, पाण्यात किंवा मांसात जास्तीत जास्त आठ मिलिमीटर. गॅमा किरण अजिबात नाहीत.

अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १४.३ दिवस. हा आकडा फार सोयीचा आहे. अणुभट्टीतून निघून प्रयोगशाळेत पोचायला आठवडा लागला तरी सुमारे ७० टक्के माल शिल्लक असतो, आणि तरीही काही महिन्यांत सगळं संपून जातं. शिवाय अर्धायुष्य जितकं कमी, तितके दर सेकंदाला जास्त अणू फुटतात. कार्बन-१४चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. म्हणजे सारखेच अणू घेतले तर फॉस्फरस-३२ कार्बन-१४च्या सुमारे दीड लाख पट ‘बोलका’ आहे. एखाद्या जनुकाची एकच प्रत शोधायची असते तेव्हा हा बोलकेपणाच कामी येतो.

फॉस्फरसवर खूण करायला हाच एक अणू का, असंही विचारलं जातं. कारण दुसरे फारसे नाहीतच. १९३४ मध्ये आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी अॅल्युमिनियमवर अल्फा कणांचा मारा करून जो पहिला कृत्रिम किरणोत्सारी अणू बनवला तो फॉस्फरसचाच होता, फॉस्फरस-३०. पण तो अडीच मिनिटांत अर्धा होतो. कामाला येणारे दोनच: ३२ आणि ३३. फॉस्फरस-३३ चं अर्धायुष्य सुमारे २५ दिवस आणि त्याचा बीटा कण खूप सौम्य, कमाल ऊर्जा ०.२५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्याच्याकडे पुढे येते. (जाता जाता: वातावरणातल्या आरगॉनवर विश्वकिरण आदळून हे दोन्ही अणू निसर्गातही अत्यल्प प्रमाणात तयार होतात. पावसातून ते समुद्रात उतरतात, आणि समुद्रात फॉस्फरस किती वेगाने फिरतो हे समुद्रशास्त्रज्ञ त्यांच्यावरून मोजतात.)

संशोधनातली पहिली मोठी गोष्ट जॉर्ज हेवेशींची. १९३५ मध्ये कोपनहेगनला त्यांनी आणि ओ. चिविट्झ यांनी कार्बन डायसल्फाइडमधल्या गंधकावर न्यूट्रॉन सोडून फॉस्फरस-३२ बनवला आणि तो फॉस्फेटच्या रूपात उंदरांना दिला. तोवर हाड म्हणजे एकदा रचून झालेली भिंत, अशीच समजूत होती. पूर्ण वाढलेल्या उंदरांच्या हाडांतही नवा फॉस्फरस शिरत होता, आणि काही दिवसांनी त्यातला काही परत बाहेर पडत होता. भिंत उभी दिसते, पण तिच्या विटा सतत बदलत असतात, हे त्यातून उघड झालं. अणूवर खूण करून त्याचा माग काढायच्या या पद्धतीसाठी हेवेशींना १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला हा प्रयोग फार जवळचा वाटतो, कारण ‘हे इथे किती आहे’ यापेक्षा ‘हे इथे कधी आलं’ हा प्रश्न त्याने जीवशास्त्रात आणला.

हर्शी आणि चेस यांचा १९५२ चा प्रयोग, आनुवंशिक माहिती डीएनएत असते की प्रथिनांत हे बघणारा, तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्यातली एकच बाजू सांगते. जिवाणूंना ग्रासणाऱ्या टी-टू या विषाणूत डीएनए आणि प्रथिन या दोनच गोष्टी. डीएनएत फॉस्फरस आहे, गंधक नाही. प्रथिनांत गंधक आहे, फॉस्फरस जवळपास नाही. म्हणून एका खेपेला फॉस्फरस-३२, दुसऱ्या खेपेला गंधक-३५. विषाणू जिवाणूंना चिकटल्यावर मिश्रण स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारख्या यंत्रात घुसळलं. गंधकाचा बहुतांश भाग, ७५ ते ८० टक्के, सुटून बाहेर आला. फॉस्फरसचा मोठा भाग जिवाणूच्या आत राहिला. पुस्तकं इथे थांबतात. पण ही विभागणी शंभर टक्के नव्हती. बराचसा फॉस्फरसही बाहेर सापडला होता. जास्त पटणारा पुरावा पुढच्या पिढीत होता: मूळ विषाणूंच्या फॉस्फरसचा ३० टक्के किंवा अधिक भाग नव्या विषाणूंत उतरला, गंधक एक टक्काही नाही. पेपर मुळातून वाचलात तर हर्शी किती जपून निष्कर्ष काढतात ते दिसेल.

त्याच्या एक वर्ष आधी हर्शी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. डीएनएत भरपूर फॉस्फरस-३२ गुंफलेले विषाणू नुसते ठेवून दिले, तरी दिवसागणिक ते निकामी होत जातात. डीएनएच्या कण्यातला फॉस्फरस एकाएकी गंधक झाला की ती कडी तुटते. याला ‘आत्महत्या’ असंच नाव पडलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. उपचारांकडे वळल्यावर ती परत येते.

त्यानंतरची तीस वर्षं मॉलेक्युलर बायॉलॉजीचा इतिहास म्हणजे बराचसा फॉस्फरस-३२ चाच इतिहास. १९५६ मध्ये व्होल्किन आणि अॅस्ट्रॅकन यांना दिसलं की विषाणूने ग्रासलेल्या जिवाणूत जो आरएनए नव्याने फॉस्फरस-३२ उचलतो त्याची घडण जिवाणूच्या नव्हे, विषाणूच्या डीएनएशी जुळते. तोच पुढे संदेशवाहक आरएनए म्हणून ओळखला गेला. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर अॅसिटिलकोलिन टाकलं, तर पेशीच्या आवरणातले फॉस्फोलिपिड झपाट्याने फॉस्फरस-३२ घेऊ लागले. बाहेरचा निरोप आत पोचवण्याचा एक संपूर्ण मार्ग त्या निरीक्षणातून सापडला. १९७५ मधला सदर्न ब्लॉट (डीएनएचे तुकडे पातळ पडद्यावर उतरवून हवा तो शोधण्याची पद्धत), १९७७ मधल्या सँगर आणि मॅक्सम-गिल्बर्ट या डीएनए वाचनाच्या दोन्ही पद्धती, १९८४ मध्ये अॅलेक जेफ्रीज यांना दिसलेले डीएनए ठशांचे पट्टे, हे सगळं फिल्मवर उमटलं ते या बीटा कणांमुळे.

फिल्मचं काम ज्यांनी केलं नाही त्यांना तो अनुभव शब्दांत देणं अवघड आहे. पडद्यावरचा ब्लॉट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा, लाल दिव्याच्या अंधारात त्यावर एक्स-रे फिल्म आणि इंटेन्सिफाइंग स्क्रीन लावून कॅसेट बंद करायची, आणि ती उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून द्यायची. किती दिवस? गायगर काउंटर पडद्यावर धरून जो आवाज येतो त्यावरून अंदाज बांधायचा: सलग कडकडाट असेल तर एक रात्र, अधूनमधून टकटक असेल तर आठवडा. मग डेव्हलपरमध्ये फिल्म हलवताना एकेक पट्टा वर येतो. पुढे फिल्मऐवजी फॉस्फरइमेजरची पाटी आली, वेळ कमी झाला आणि मोजमाप जास्त अचूक झालं.

आता नव्याने काम करणाऱ्यांचा सर्वांत जास्त घोळ जिथे होतो ते सांगते. एटीपीत तीन फॉस्फेट असतात. साखरेला चिकटलेला अल्फा, मधला बीटा, टोकाचा गॅमा. बाटलीवर ‘गॅमा’ लिहिलंय याचा गॅमा किरणांशी काहीही संबंध नाही. किरणोत्सारी अणू तिघांपैकी कुठल्या जागी आहे एवढंच ते सांगतं. ही जागाच सर्वस्व आहे. डीएनएची साखळी बनवणारं विकर, डीएनए पॉलिमरेज, नवा न्यूक्लिओटाइड (साखळीची एक कडी) जोडताना अल्फा फॉस्फेट ठेवून घेतं आणि बीटा-गॅमा जोडी टाकून देतं. कायनेज उलट करतं: टोकाचा गॅमा फॉस्फेट उचलून दुसऱ्या रेणूवर लावतं. म्हणून साखळी लिहितानाच खुणा करायच्या असतील तर अल्फाच्या जागी फॉस्फरस-३२ असलेला डीसीटीपी किंवा डीएटीपी (डीएनएच्या कड्यांचा कच्चा माल) हवा; आणि तयार साखळीचं फक्त पाच प्राइम टोक रंगवायचं असेल, किंवा एखादं प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेट लावतंय का हे बघायचं असेल, तर गॅमाच्या जागी असलेला एटीपी. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीची तीन दिवसांची फिल्म अगदी कोरी निघाली होती. तिने रँडम प्रायमिंगसाठी, म्हणजे साखळी लिहितानाच खुणा करण्यासाठी, गॅमाची बाटली घेतली होती. विकराने काम चोख केलं होतं, फक्त किरणोत्सार असलेला तुकडाच सगळा धुण्याच्या पाण्यात गेला होता. बाटली उघडण्याआधी कागदावर तीन फॉस्फेट काढून, कुठला राहणार आणि कुठला जाणार ते बाणाने दाखवा. ही सवय मी अजूनही मोडलेली नाही.

कायनेजचा विषय निघालाच आहे तर टोनी हंटर यांची गोष्ट सांगायलाच हवी. १९७९ पर्यंत प्रथिनांवर फॉस्फेट लागतो तो सेरीन किंवा थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर, असंच धरून चालत. कर्करोगकारक विषाणूच्या एका प्रथिनावर फॉस्फरस-३२ नेमका कुठे लागतो हे हंटर बघत होते. प्रथिनाचे तुकडे करून ते कागदासारख्या पातळ थरावर विजेच्या दाबाने वेगळे करायचे, ही पद्धत. त्या दिवशी त्यांनी आधी वापरलेलंच बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) पुन्हा वापरलं. त्याचा पीएच १.९ असायला हवा होता. जुनं झाल्यामुळे तो १.७ वर उतरला होता. ताज्या बफरमध्ये फॉस्फोटायरोसीन आणि फॉस्फोथ्रिओनीन एकाच जागी येतात. या उतरलेल्या पीएचला ते सुटे झाले, आणि फिल्मवर नको त्या जागी एक ठिपका दिसला. टायरोसीन या तिसऱ्याच अमिनो आम्लावरचा फॉस्फेट! सामान्य पेशीत त्याचं प्रमाण इतकं कमी, की फॉस्फेट लागलेल्या अशा दहा हजार अमिनो आम्लांत तो जेमतेम तीन-चार वेळा सापडतो. इतकी दुर्मीळ गोष्ट दिसली ती खूण फॉस्फरस-३२ ची होती म्हणूनच. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगामागचं बिघडलेलं प्रथिन हेसुद्धा टायरोसीन कायनेजच निघालं, आणि त्याला रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये रुग्णांच्या हाती आली. जीवशास्त्राने या अणूकडून घेतलेलं सर्वांत मोठं दान कुठलं असं विचारलंत, तर मी हर्शी-चेसचं नाव घेणार नाही, फॉस्फेटच्या या देवघेवीचं घेईन.

वनस्पतींकडे थोडक्यात वळते. किरणोत्सारी फॉस्फरस घातलेलं खत जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर देऊन, पानांत तो किती आला हे मोजलं की मुळं प्रत्यक्षात कुठून अन्न घेतात ते कळतं. फॉस्फरस जमिनीत फारसा सरकत नाही, मुळाभोवतीची पातळ चकतीच रिकामी होते, हे अशाच चित्रांतून दिसलं. मुळांबरोबर राहणाऱ्या बुरशीचे तंतू कित्येक सेंटिमीटर लांबून फॉस्फेट आणून देतात, हेही.

आज काय? डीएनए वाचनातून फॉस्फरस-३२ केव्हाच गेला. १९८० च्या दशकात आधी गंधक-३५ आणि मग चमकणारे रंग आले. ब्लॉटमध्ये डिगॉक्सिजेनिन ही बिनकिरणोत्सारी खूण आणि रासायनिक प्रकाश आला, प्रथिनांवरचा फॉस्फेट ओळखायला प्रतिपिंडं आणि रेणूंचं वजन मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री आली. हे चांगलंच झालं. जिथे बिनकिरणोत्सारी पद्धत तितकंच खात्रीचं उत्तर देते तिथे फॉस्फरस-३२ वापरायला माझा विरोध असतो. तरीही काही कामं त्याच्याकडेच राहिली आहेत. रंगाचा रेणू मोठा असतो. वीस-बावीस न्यूक्लिओटाइडच्या आरएनएवर तो चिकटवला की त्याची घडी आणि वागणूक बदलू शकते. फॉस्फरस-३२ काहीच चिकटवत नाही, असलेल्याच अणूची जागा घेतो. म्हणून मायक्रोआरएनए या छोट्या आरएनएंचे नॉर्दर्न ब्लॉट (सदर्नसारखीच, पण आरएनएसाठीची पद्धत), रायबोझाइम म्हणजे विकरासारखं काम करणाऱ्या आरएनएचा वेग, प्रथिन डीएनएला धरतं का हे बघणारा जेल शिफ्ट, पेशीतल्या आरएनएला चिकटलेली प्रथिनं शोधणं, या ठिकाणी तो अजून आहे. नवं कायनेजरोधक औषध तपासताना फॉस्फेट खरोखर लागला की नाही याचा अंतिम निवाडा अनेक ठिकाणी किरणोत्सारी एटीपीवरच होतो; तिथे हल्ली फॉस्फरस-३३ जास्त दिसतो, कारण त्याचे पट्टे आणि ठिपके जास्त रेखीव येतात आणि हाताला बसणारा मारा कमी.

एक छोटी युक्तीही सांगून ठेवते, पुस्तकात सहसा नसते. फॉस्फरस-३२ चा नमुना सिंटिलेशन द्रव (बीटा कण आदळला की चमकणारा) न घालता नुसत्या पाण्यात मोजता येतो. पाण्यात ०.२६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या पाण्यातल्या वेगाला मागे टाकतो आणि निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश देतो. यंत्र तोच पकडतं. द्रव वाचतो आणि नमुना परत वापरता येतो. फॉस्फरस-३३ ला हे जमत नाही, त्याची कमाल ऊर्जा त्या उंबरठ्याच्या किंचित खाली आहे.

आता उपचार. संशोधनात ज्या गुणाचं मी एवढं कौतुक केलं, तोच इथे आडवा येतो. शिरेतून दिलेला फॉस्फेट जिथे फॉस्फरस लागतो तिथे सगळीकडे जातो. भराभर विभागणाऱ्या पेशी जास्त घेतात, हाडं खूप घेतात, आणि हाडांच्या आत रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा असते. म्हणजे निशाणा आपोआप मज्जेवर लागतो.

मज्जाच अतिरेक करत असेल तर हे हवंच असतं. १९३६ च्या अखेरीला बर्कलीत जॉन लॉरेन्स यांनी, आपल्या भावाच्या सायक्लोट्रॉनमध्ये बनलेला फॉस्फरस-३२ ल्युकेमियाच्या रुग्णाला दिला. कृत्रिम किरणोत्सारी पदार्थाने उपचार करण्याची ही सुरुवात. ल्युकेमियात त्याने टिकाऊ यश दिलं नाही, पण पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात, जिथे मज्जा लाल पेशी बेसुमार बनवते आणि रक्त दाट होऊन गुठळ्या होतात, तिथे तो फार परिणामकारक ठरला. तीन ते पाच मिलिक्युरीचं (क्युरी हे किरणोत्साराचं माप) एक इंजेक्शन, आणि कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्त ताब्यात. रोजची गोळी नाही. रुग्णालाही बरं वाटायचं.

त्याची किंमत कळायला वेळ लागला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पॉलिसायथेमिया व्हेरा अभ्यासगटाने ४३१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी केली: नुसतं शिरेतून रक्त काढणं, क्लोरॅम्ब्युसिल ही गोळी, आणि फॉस्फरस-३२. पहिल्या तीन वर्षांत रक्त काढणाऱ्या गटात गुठळ्या जास्त झाल्या, त्यामुळे फॉस्फरस सरस वाटत होता. पण पुढच्या वर्षांत हिशेब फिरला. तीव्र ल्युकेमिया रक्त काढणाऱ्यांत दीड टक्क्याच्या आसपास, फॉस्फरसच्या गटात दहा टक्क्यांच्या जवळपास, आणि क्लोरॅम्ब्युसिलच्या गटात त्याहूनही जास्त. त्या विषाणूंची ‘आत्महत्या’ आठवा. मज्जेच्या मूळ पेशीच्या डीएनएवर तेच घाव पडतात. बऱ्याच पेशी मरतात, पण एखादी जगते आणि दहा वर्षांनी ल्युकेमिया होऊन समोर येते. म्हणून आज पहिली निवड रक्त काढणं, कमी मात्रेतली अॅस्पिरिन आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया किंवा इंटरफेरॉन, पुढे रक्सोलिटिनिब. फॉस्फरस-३२ राहिला तो अतिशय वयस्क, बाकीची औषधं न सोसणाऱ्या, वारंवार दवाखान्यात येऊ न शकणाऱ्या रुग्णापुरता. अशा रुग्णासाठी मी त्याला वाईट म्हणणार नाही. दहा वर्षांनंतरचा धोका नव्वदीच्या माणसासमोर मांडताना तराजू वेगळा असतो.

हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवरही तो पूर्वी देत. वेदना कमी व्हायची, पण मज्जा दबायची. नंतर स्ट्रॉन्शियम-८९, समेरियम-१५३ आणि २०१३ पासून रेडियम-२२३ आले. रेडियमचा अल्फा कण मांसात एक मिलिमीटरचा दहावा भागही जेमतेम जातो, त्यामुळे मज्जेला कमी झळ. इथे फॉस्फरसची माघार योग्यच होती.

यातून डॉक्टर शिकले ते असं: हा अणू रक्तात मोकळा सोडायचा नाही, बांधून ठेवायचा. क्रोमिक फॉस्फेटचे कण विरघळत नाहीत; जिथे सोडाल तिथेच राहतात. अंडाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर ते पोटाच्या पोकळीत सोडत, पण ते सारखे पसरत नसत आणि आतडी एकमेकांना चिकटून अडथळे येत. केमोथेरपीने ती जागा घेतली. क्रॅनिओफॅरिंजिओमा या मेंदूच्या गाठीत पाण्याची पिशवी असते. सुई अचूक नेऊन त्या पिशवीत हे कण सोडले तर भिंतीला २०० ग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचं माप) घरात मात्रा मिळते आणि काही मिलिमीटरवरच्या दृष्टीच्या नसेपर्यंत फार थोडी पोचते. इथे बीटा कणाची आखूड धाव हेच वरदान आहे. हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साचून सुजलेलं अस्तर जाळायलाही हे कण वापरतात, शस्त्रक्रिया टळते. मात्र अशा उपचारानंतर दोन मुलांना ल्युकेमिया झाल्याची नोंद आहे. संबंध सिद्ध झालेला नाही, तरी मुलांच्या बाबतीत त्यानंतर हात आखडता घेतला गेला, आणि तो घ्यायलाच हवा होता. अलीकडची दिशा म्हणजे फॉस्फरस-३२ असलेले सिलिकॉनचे सूक्ष्म कण, एंडोस्कोपीच्या अल्ट्रासाउंडखाली थेट स्वादुपिंडाच्या गाठीत टोचायचे, केमोथेरपीच्या जोडीला. माझं लक्ष त्याच्याकडे आहे.

निदानातला त्याचा काळ छोटा होता. १९४९ मध्ये सेल्व्हरस्टोन यांनी सुईएवढा गायगर काउंटर मेंदूत घालून गाठीची हद्द शोधली. डोळ्यातल्या मेलॅनोमासाठीही तशीच चाचणी होती. बीटा कण शरीराबाहेर येत नाही, म्हणून काउंटर आत न्यावा लागे. स्कॅनची साधनं सुधारली आणि हे थांबलं.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. घाबरू नका, पण त्याची धाव कुठवर आहे ते नीट समजून घ्या. प्रयोगशाळेतली मात्रा मायक्रोक्युरीत असते, उपचारातली त्याहून हजारपट मोठ्या मिलिक्युरीत. तरी साठ्याची बाटली मिलिक्युरीची असू शकते, आणि तिचं उघडं तोंड ही सर्वांत वाईट जागा. त्या तोंडावर वाकून बघायचं नाही, बोट आणायचं नाही. बाटली एक सेंटिमीटर जाड अॅक्रिलिकच्या आडोशामागे ठेवा. शिसं जास्त सुरक्षित असेल असं वाटून कुणी बाटलीभोवती शिसं लावतं. ते चूक आहे. वेगवान इलेक्ट्रॉन जड अणूजवळ अडला की क्ष-किरण बाहेर पडतात, म्हणजे नवीनच त्रास. आधी अॅक्रिलिक, आणि मात्रा मोठी असेलच तर त्याच्या बाहेरून शिसं.

मारा मोजणाऱ्या अंगावरच्या बॅजपेक्षा बोटातल्या तशाच अंगठीकडे लक्ष द्या, कारण मारा खाणारी बोटंच असतात. अंगठीचा संवेदक तळहाताच्या बाजूला, हातमोज्याच्या आत. हातमोजे दुहेरी, वरचा वारंवार बदलायचा. ट्यूब उघडण्याआधी एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या, झाकणाला चिकटलेला थेंब खाली बसतो. प्रयोग आधी किरणोत्साराशिवाय, साध्या पाण्याने किंवा रंगाने पूर्ण करून बघा. हात सरावले की आडोशामागचा वेळ निम्मा होतो. काउंटर कायम चालू आणि शेजारी ठेवा, पण उघडी बाटली नसलेल्या बाजूला. मी सुरक्षेचं काम करत असताना सांडलेला किरणोत्सार जवळजवळ कधीच टेबलाच्या मधोमध सापडला नाही. तो पिपेटच्या दांड्यावर, फ्रीजच्या मुठीवर, एकदा दिव्याच्या बटणावर सापडला. म्हणून काम संपल्यावर तीच ठिकाणं आधी तपासा. त्वचेवर पडलाच तर कोमट पाणी आणि साधा साबण, घासायचं नाही, आणि लगेच सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं. लपवणाऱ्यांचाच त्रास पुढे वाढलेला मी पाहिला आहे. गर्भवती असाल, किंवा तशी शक्यता असेल, तर कामाची वाटणी बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे.

कचऱ्याचं सोपं आहे. सुका आणि ओला वेगळा, अॅक्रिलिकच्या पेटीत, वर तारीख. दहा अर्धायुष्यं म्हणजे सुमारे १४३ दिवस. तोवर मूळच्या हजाराव्या भागाहूनही कमी उरतं. पाच महिन्यांनी काउंटर धरायचा. तो खोलीतल्या पार्श्वभूमीइतकंच दाखवत असेल तर पेटीवरचं किरणोत्साराचं चिन्ह आधी पुसून टाकायचं, नोंदवहीत सही करायची आणि पेटी साध्या कचऱ्यात द्यायची. तोवर आतला फॉस्फरस-३२ जवळजवळ सगळा गंधक झालेला असतो.